शस्त्रक्रिया लांब असली तरी चालेल, बाकीचे सारे जवळ हवे

विदर्भात कॅन्सरच्या उपचारांवर बोलणे निघाले की एकच मागणी पुढे येते : आमच्या जिल्ह्यात कॅन्सर हॉस्पिटल द्या आणि कॅन्सरची ऑपरेशने इथेच होऊ द्या. निवेदनांत ती असते, जाहीरनाम्यांत असते, गावातल्या पारावरही असते. तिच्यामागची वेदना खरी आहे, त्यामुळे तिला कोणी विरोध करत नाही. मला तिला विरोध करायचा आहे, आणि तो दूरच्या रुग्णाच्या बाजूने उभे राहून करायचा आहे.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे. सिरोंच्याच्या माणसाला त्याच्या जिल्ह्याचे ठिकाण, म्हणजे गडचिरोलीच, सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. तिथून नागपूर आणखी पावणेदोनशेच्या आसपास. नागपुरात जमले नाही तर ‘टाटाला न्या’ असे सांगितले जाते. मग विदर्भ एक्सप्रेसमध्ये एक रात्र, दादरला उतरणे, परळला १९४१ पासून उभ्या असलेल्या टाटा मेमोरियलच्या इमारतीपुढची रांग, आणि राहायला जागा मिळाली नाही तर फूटपाथ. सोबत आलेल्या भावाची किंवा मुलाची रोजी बुडते, धानाचा किंवा कापसाचा हंगाम हातचा जातो, घरातली जनावरे शेजाऱ्याच्या भरवशावर राहतात. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना शस्त्रक्रियेचा खर्च उचलते, पण बुडालेली रोजी उचलत नाही. म्हणून कितीतरी रुग्ण निघतच नाहीत, किंवा अर्ध्या उपचारावर परततात. हे सारे पाहणाऱ्याने ‘हॉस्पिटलच इकडे आणा’ म्हटले तर त्याचे काय चुकले?

त्याचा कळवळा बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. हा निष्कर्ष तीन गृहीतांवर उभा आहे. पहिले, रुग्ण उशिरा येतो तो अंतरामुळे. दुसरे, शस्त्रक्रिया कुठेही केली तरी तीच असते. तिसरे, शस्त्रक्रिया जवळ आली की उपचार जवळ आला. तिन्ही तपासून पाहू.

पहिले गृहीत तपासायला आमच्या कोराडीइतकी सोयीची जागा नाही. कामठी तालुक्यातले हे गाव नागपूरच्या उत्तरेला, शहरापासून पंधराएक किलोमीटरवर आहे. बाहेरच्यांना ते दोन गोष्टींनी ठाऊक असते : महालक्ष्मी जगदंबेचे देऊळ आणि २,१९० मेगावॅटचे वीज केंद्र. कॅन्सरवर उपचार करणाऱ्या मोठ्या संस्था नागपुरात आहेत. मानेवाडा रोडवर राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, ‘मेडिकल’ म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, मिहानमध्ये एम्स आहे. त्या चारही शहराच्या दक्षिण अंगाला आहेत. त्यामुळे कोराडीहून जामठ्याला जायचे तर मानकापूर, सदर, बर्डी ओलांडत, सारे शहर पार करून तीसेक किलोमीटर जावे लागते. ही गैरसोय आहेच. पण सिरोंच्याच्या मानाने कोराडीचा आणि शेजारच्या महादुल्याचा रुग्ण दवाखान्याच्या उंबरठ्यावरच राहतो.

अंतर हेच उशिराचे कारण असते तर या पट्ट्यातले रुग्ण पहिल्या टप्प्यात पोचले असते. तसे होत नाही. देशभर तोंडाच्या कॅन्सरचे बहुसंख्य रुग्ण रोग वाढल्यावरच दवाखान्यात येतात, आणि नागपूर परिसर त्याला अपवाद नाही. हा उशीर कुठे होतो ते जवळून पाहायला हवे.

पानठेल्यावर कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घेऊन पाटीवर घोटतात. सुपारी ओलसर, काळपट झाली की पन्नीला गाठ मारून खर्रा हातात देतात. पाळीवर जाणारा कंत्राटी कामगार, ट्रकचालक, कॉलेजातला पोरगा, शेतावर जाणारी बाई, सगळे तो गालाच्या एकाच बाजूला धरून ठेवतात. काही वर्षांनी पहिले लक्षण जेवणाच्या ताटावर दिसते : तिखट सोसेनासे होते. मग तोंड पूर्वीइतके उघडत नाही, तीन बोटे उभी धरली तर आत जात नाहीत. मग त्याच गालात पांढरा चट्टा उमटतो. मग एखादा फोड येतो, तो तीन आठवडे उलटले तरी भरत नाही. या काळात त्या माणसाला मिळते काय? फोडावर लावायचे जेल, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, आणि दाढ हलायला लागली म्हणून ती काढून टाकणे. दाढ काढलेली जागा भरत नाही तेव्हा कोणीतरी म्हणते, तुकडा काढून तपासायला पाठवा. त्यावर घरात दुसरे कोणी म्हणते, तुकडा काढला की रोग पसरतो. हे सगळे महिने घरापासून चालत जाण्याच्या टप्प्यात निघून गेलेले असतात. त्यांतला एकही महिना नागपूरच्या रस्त्याने खाल्लेला नसतो.

हा उशीर इमारतीने कमी होत नाही, तोंडात बॅटरी मारून पाहणाऱ्या प्रशिक्षित माणसाने कमी होतो. तिरुवनंतपुरमजवळच्या मोठ्या पाहणीत आरोग्य कार्यकर्त्यांनी ठरावीक वर्षांनी लोकांची तोंडे तपासली. तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू त्यामुळे ३४ टक्क्यांनी घटले, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. आपल्या राज्यातला दाखला बार्शीचा आहे. तिथे १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. त्या कामाबरोबर गावागावांत जागृती झाली आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या, असे तिथल्या संशोधकांनी १९९५ साली नोंदवले. रोग कळण्याची वेळ अलीकडे आली ती माहितीमुळे आणि तपासणीमुळे.

आता दुसरे गृहीत : शस्त्रक्रिया कुठेही तीच.

गालाच्या वाढलेल्या कॅन्सरची शस्त्रक्रिया म्हणजे काय, हे ज्याच्या घरात घडले त्यालाच ठाऊक असते. गाठ भोवतालच्या निरोगी कडेसह काढायची, गरजेप्रमाणे जबड्याचे हाड कापायचे, मानेतल्या गाठी शिरा आणि नसा सांभाळत साफ करायच्या, आणि उरलेली पोकळी मांडीच्या, छातीच्या किंवा पायाच्या नळीच्या हाडाच्या भागाने भरायची. नळीचे हाड वापरले तर अगदी बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडाव्या लागतात. ती जोडणी रात्रीतून बंद पडली तर ती ओळखणारी नर्स आणि तासाभरात पुन्हा टेबलावर घेणारा चमू लागतो. कापलेल्या कडेत रोग राहिला आहे का, ते सांगणारा पॅथॉलॉजिस्ट लागतो. पहिली शस्त्रक्रिया अर्धवट झाली तर दुसऱ्या सर्जनला जखमेच्या व्रणात रोग शोधावा लागतो, आणि पहिल्या वेळी होती ती संधी परत येत नाही.

हात जितका महत्त्वाचा, तितकाच निर्णयही. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी तोंडातल्या सुरुवातीच्या कॅन्सरवर एक चाचणी केली. मानेत गाठ हाताला लागत नसलेल्या रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाच्या मानेतल्या गाठी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या. दुसऱ्या गटात, गाठ दिसली तरच पुढे काढू, असे धोरण ठेवले. २०१५ साली निष्कर्ष आले : तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के रुग्ण जिवंत होते, दुसऱ्या गटातले ६७.५ टक्के. तोंडातली गाठ तीच, रुग्ण तसेच, आणि मान उघडायची की नाही एवढ्या एका निर्णयाने शंभरात बारा-तेरा माणसांचा फरक पडला. असे निर्णय रोज घेणाऱ्या ठिकाणी आणि वर्षातून चारदा घेणाऱ्या ठिकाणी सारखे कसे होतील?

अमेरिकेत बर्कमायर आणि सहकाऱ्यांनी लाखो वृद्ध रुग्णांच्या नोंदी तपासून २००२ साली याचे माप दिले. स्वादुपिंडाची मोठी शस्त्रक्रिया क्वचितच करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण १६.३ टक्के होते, वारंवार करणाऱ्या ठिकाणी ३.८ टक्के. अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेतही फरक पाच टक्क्यांहून मोठा होता. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेत मात्र तो दोन टक्क्यांपेक्षा कमी निघाला. पुढे २००९ साली घाफेरी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की गुंतागुंत चांगल्या आणि वाईट रुग्णालयांत जवळपास सारखीच होते. मोठी गुंतागुंत झालेल्या रुग्णांपैकी सर्वांत कमी मृत्यूदराच्या रुग्णालयांत १२.५ टक्के दगावले, सर्वांत जास्त मृत्यूदराच्या रुग्णालयांत २१.४ टक्के. म्हणजे रुग्ण वाचतो तो पहाटे तीनला रक्तपेढी, अतिदक्षता विभाग, भूलतज्ज्ञ आणि अनुभवी चमू एकत्र जागे असल्याने. जिल्ह्यात चकचकीत शस्त्रक्रियागृह बांधता येते. पहाटेचा हा जागता चमू मात्र रुग्णांच्या सततच्या ओघातूनच तयार होतो, आणि तो ओघ बारा ठिकाणी वाटला की बाराही ठिकाणी आटतो.

याच आकड्यांतून दुसरी गोष्टही निघते, आणि ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सगळ्या शस्त्रक्रिया एका तोलाच्या नाहीत. स्तनाच्या कॅन्सरची नेहमीची शस्त्रक्रिया, आतड्याच्या काही शस्त्रक्रिया चांगल्या प्रशिक्षित सर्जनच्या हाती वैद्यकीय महाविद्यालयात नीट होऊ शकतात आणि व्हाव्यात. त्यामुळे मोठ्या केंद्रांवरचा भार उतरेल. माझा आक्षेप सगळ्या शस्त्रक्रिया एकाच मागणीत कोंबण्याला आहे.

कोराडीच्या माणसाला हे पटवून द्यायला लांब जावे लागत नाही. इथले ६६० मेगावॅटचे संच गावोगावी मांडा, असे कोणी म्हणत नाही. वीज एका जागी तयार होते आणि तारेने सगळीकडे जाते. ज्याच्या घरापर्यंत तार पोचली नाही त्याला मात्र इथल्या चिमण्या कितीही उंच असल्या तरी अंधारच. कॅन्सरच्या बाबतीत आपण संच मागतो आहोत आणि तारेचे नाव काढत नाही.

म्हणून तिसरे गृहीत सर्वांत महत्त्वाचे : शस्त्रक्रिया जवळ आली की उपचार जवळ आला. गालाच्या वाढलेल्या कॅन्सरच्या रुग्णाच्या फेऱ्या मोजून पाहा. शस्त्रक्रियेसाठी तो एकदा भरती होतो, दोन-तीन आठवड्यांत घरी येतो. त्यानंतर ज्याला गावात ‘लाइट घेणे’ किंवा ‘शेक’ म्हणतात ते किरणोपचार साधारण सहा आठवड्यांत सुरू व्हायला हवेत. ते आठवड्यातून पाच दिवस, असे सहा आठवडे, म्हणजे तीस बैठका चालतात. गरज असेल तर त्यासोबत केमो. पुढे पहिल्या वर्षात दर एक-दोन महिन्यांनी आणि नंतरची काही वर्षे ठरावीक अंतराने तपासणी. शिवाय नाकातल्या नळीने अन्न द्यायचे, ती नळी निघाली तर पुन्हा घालायची, जखम धुवायची, जबडा आखडू नये म्हणून व्यायाम करायचा, दुखणे थांबवायचे. वाढत्या आजारात शेवटच्या महिन्यांतली वेदनाशामक सेवाही यातच येते.

या यादीत शस्त्रक्रिया एकदाच आहे. बाकी सारे पुन्हा पुन्हा आहे. आणि आपली मागणी नेमकी उलटी आहे : जे आयुष्यात एकदा लागते ते दाराशी हवे, आणि जे रोज लागते त्याचा उल्लेखही नाही. रुग्ण अर्ध्यावर उपचार सोडतो तो शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उठून जात नाही. तो लाइटच्या बाराव्या-पंधराव्या बैठकीला घरी परततो, कारण पैसे संपलेले असतात आणि राहायला खोली नसते. शस्त्रक्रियेवर झालेला खर्च आणि सोसलेले दुखणे त्या दिवशी वाया जाते. शस्त्रक्रियागृहाची फीत कापून हा प्रश्न सुटत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला : शस्त्रक्रिया मोठ्या केंद्रांत ठेवणे हा शहरांचा सोयीस्कर युक्तिवाद आहे, त्यात बळी दूरच्या गरिबाचा जातो. नुसती केंद्रे ठेवून बाकी काहीच केले नाही, तर हा आक्षेप शंभर टक्के खरा ठरेल. इंग्लंडमध्ये १९९५ च्या कॅलमन-हाइन अहवालाने कॅन्सरसेवेची रचना बदलली, तेव्हा मोठ्या केंद्रांबरोबर जिल्हा रुग्णालयांतली पथके आणि गावच्या डॉक्टरची भूमिकाही ठरवून दिली होती. केंद्रीकरण न्याय्य होते ते या जोडणीमुळे. रुग्णाला लांब पाठवायचे ठरवले, तर तो पोचेल, राहील आणि परत येईल ही जबाबदारी पाठवणाऱ्या व्यवस्थेची झाली पाहिजे. आज ती रुग्णाच्या मेव्हण्याची आहे.

समृद्धी महामार्गामुळे मुंबई जवळ आली, असेही सांगितले जाते. ११ डिसेंबर २०२२ ला नागपुरात एकाच दिवशी त्या महामार्गाच्या पहिल्या टप्प्याचे आणि एम्सचे उद्घाटन झाले. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. पण महामार्ग गाडी असणाऱ्याला जवळ आणतो. नळी लावलेला, मान वळवता न येणारा रुग्ण आणि त्याची बायको एसटी स्टँडवर उभे असतात, त्यांच्यासाठी अंतर किलोमीटरचे नसते. मुक्काम कुठे करायचा, सोबत कोण येणार आणि रोजी कोण भरून देणार, यांवर ते ठरते.

दुसरा आक्षेप : मोठी केंद्रे आधीच तुडुंब आहेत, तारीख मिळायला आठवडे जातात. हेही खरे आहे. त्यावर उपाय म्हणून विदर्भात पुरेशा रुग्णसंख्येची मोजकी केंद्रे भक्कम करावीत, साध्या शस्त्रक्रिया तिथून बाहेर न्याव्यात आणि सर्जनच्या, भूलतज्ज्ञांच्या जागा भराव्यात. अपुऱ्या चमूची दहा नवी शस्त्रक्रियागृहे उघडली तर रांग कमी झाल्याचा भास होईल आणि अर्धवट शस्त्रक्रिया झालेले रुग्ण त्याच मोठ्या केंद्रांकडे परत येतील.

मग मागायचे काय? पहिले, उपकेंद्रात आणि आरोग्य मंदिरात तिशीपुढच्या प्रत्येकाची तोंडाची तपासणी. केंद्र सरकारने तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरांच्या तपासणीची चौकट २०१६ मध्येच घालून दिली आहे. आपण ती आपल्या गावात खरोखर होते का, ते विचारायचे. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांत, कोळसा खाणींत कंत्राटी कामगारांची आरोग्य तपासणी होते तिथे तोंड उघडून पाहणे सक्तीचे करावे. दुसरे, तालुक्याला तुकडा काढण्याची सोय आणि आठवड्यात रिपोर्ट. संशयित गाठ तपासल्याशिवाय नर्सिंग होममध्ये कापली जाऊ नये, हा नियम डॉक्टरांच्या संघटनांनी स्वतःहून पाळावा. तिसरे, रुग्ण हलवण्याआधी त्याचे कागद तज्ज्ञांच्या बैठकीपुढे. २०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे देशभरातले डॉक्टर दूरसंवादाने एकत्र बसून निर्णय देऊ शकतात. कागद मुंबईला गेले तर पुष्कळदा माणसाला जावे लागणार नाही.

चौथे, किरणोपचार आणि केमो जिल्ह्यापर्यंत. चंद्रपूरला टाटा ट्रस्टच्या सहभागाने उभारलेले कॅन्सर रुग्णालय याच कारणाने मोलाचे आहे : दक्षिण विदर्भाच्या रुग्णाची तीस बैठकांची वाट त्याने कमी होते. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत केमोसाठी डे-केअर केंद्रांची घोषणा केली, आणि राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्येच त्रिस्तरीय कॅन्सरसेवेचे धोरण मंजूर केले. दोन्हींची दिशा बरोबर आहे. प्रत्येक पुढाऱ्याला आपल्या गावी सर्वांत वरचा स्तर हवासा वाटला, तर मात्र त्या धोरणाचा कणाच मोडेल.

पाचवे, मुक्काम. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी आजारी माणसाच्या नातेवाइकाला डोक्यावर छप्पर लागते हे ओळखून मुंबईत धर्मशाळा उभारली. दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही टाटाचे रुग्ण राहतात. याच जिल्ह्याचे तुकडोजी महाराज १९६८ साली कॅन्सरनेच गेले आणि त्यांचे नाव नागपूरच्या रुग्णालयाला आहे. या दोघांच्या विदर्भात, किरणोपचाराच्या प्रत्येक यंत्रामागे स्वस्त मुक्कामाच्या खाटा ही अट शासनाने मंजुरीतच घालावी. सहावे, प्रत्येक रुग्णालयाने कोणत्या कॅन्सर शस्त्रक्रिया वर्षात किती केल्या आणि महिन्याभरात किती रुग्ण दगावले, हे फलकावर लावावे. सरकारी योजनेचा पैसा मोठ्या शस्त्रक्रियांसाठी त्याच ठिकाणी जावा जिथे हे आकडे समाधानकारक आहेत.

‘जिल्ह्यात कॅन्सर हॉस्पिटल’ या मागणीचे निवेदन तुमच्याकडे सहीसाठी आले, तर देणाऱ्याला तीन प्रश्न विचारा : गावात तोंड कोण तपासणार, तुकड्याचा रिपोर्ट किती दिवसांत येणार, आणि लाइटच्या तीस दिवसांत रुग्ण झोपणार कुठे. उत्तरे निवेदनात लिहिलेली असतील तर सही करा. नसतील तर ती लिहून घ्या आणि मगच सही करा. आणि आज घरातल्या खर्रा खाणाऱ्या माणसाच्या गालात तीन आठवड्यांचा फोड असेल, तर हॉस्पिटल कुठे होणार याची वाट पाहू नका. उद्या सकाळी त्याला घेऊन निघा.